स्कूटरची कुरकुर : विगमनाचा एक प्रात्यक्षिक पाठ

तर्कशास्त्र शिकून पुढे उपयोग काय, हा प्रश्न आमच्या विषयाच्या वाट्याला नेहमीच येतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बँक दिसते, भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशा दिसतो. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र 'सर्व मनुष्य मर्त्य आहेत' या विधानापलीकडे काही दिसत नाही, आणि एवढे कळण्यासाठी कॉलेजची फी भरण्याचे कारण नाही, असे त्याच्या घरचे लोक म्हणतात. निगमनाची ही गत, तर विगमनाची त्याहून वाईट. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक' या ग्रंथात कार्यकारणसंबंध शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या. विद्यार्थी त्यांची सूत्रे पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि परीक्षागृहाच्या पायऱ्या उतरताना विसरून जातात.

या पद्धती पाठ करण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हे दाखवण्याचा माझा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. उदाहरण मी मुद्दामच ग्रंथालयातले न घेता कॉलेजच्या सायकल-स्टँडवरचे घेतले आहे : उभ्या जागी नीट न चालणारी, भुकभुक करून बंद पडणारी जुनी स्कूटर. मिस्त्री लोकांच्या भाषेत सांगायचे तर 'स्लोला न टिकणारी' गाडी.

उदाहरणाची निवड

स्कूटर म्हणजे येथे चेतक समजावी. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यात बजाज कंपनीने १९७२ साली ही गाडी काढली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले. तिचे मूळ घराणे इटलीच्या व्हेस्पाचे. पियाज्जिओ कंपनीने व्हेस्पा १९४६ साली बाजारात आणली होती. आपल्याकडे एक काळ असा होता, की चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि लग्नाच्या बोलणीत तिचा उल्लेख सोन्याच्या बरोबरीने होई. पेट्रोलवरच्या चेतकचे उत्पादन आता थांबलेले आहे. २०२० साली त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर आली. तिला कार्बोरेटर नाही, आणि उभ्या जागी चालू राहण्याचा प्रश्नही नाही. परंतु जुन्या चेतक अजून गावोगावी धावत आहेत. आमच्या स्टँडवरही आहेत, आणि त्यांतील बहुतेक विद्यार्थ्यांच्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या आहेत. वारसाहक्काने आलेल्या वस्तूबरोबर तिची दुखणीही येतात.

ही गाडी उदाहरणासाठी सोयीची आहे, याचे कारण ती साधी आहे. एक सिलिंडर, एक प्लग, एक कार्बोरेटर. दोन स्ट्रोकचे सुमारे १४५ घन सेंटिमीटरचे इंजिन. कारणांची यादी मोजकी असेल तरच विगमनाचा धडा नीट गिरवता येतो.

इंजिन उभ्या जागी कसे चालते

रोगाचा विचार करण्यापूर्वी प्रकृती समजून घेतली पाहिजे. दोन-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचे मिश्रण ओढले जाते. त्याच वेळी पिस्टनच्या वर आधीचे मिश्रण दाबले जाते, प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटते. पिस्टन खाली येताना जळालेला वायू सायलेन्सरकडे जातो, आणि खालच्या पेटीतले ताजे मिश्रण वर चढते. म्हणजे या इंजिनात खालची पेटी हा श्वासमार्गाचाच भाग आहे. तिला कोठे फट पडली, तर इंजिन कार्बोरेटरला न विचारता परस्पर हवा घेते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता कार्बोरेटर. ॲक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा कार्बोरेटरची मुख्य वाट जवळजवळ मिटलेली असते आणि मोठ्या जेटमधून पेट्रोल येत नाही. इंजिनाला जिवंत ठेवण्याचे काम 'स्लो जेट' नावाचे एक बारीक भोक करते. त्यातून येणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण एका लहान स्क्रूने कमीजास्त होते. चेतकला हा स्क्रू कार्बोरेटरच्या मागच्या बाजूला असतो, आणि पूर्ण आवळून साधारण दीड फेरा सैल केला की तो मूळ जागी येतो. दुसरा स्क्रू वरच्या बाजूस असतो. तो मुख्य वाट किती मिटावी हे ठरवतो. मिस्त्री 'रेस वाढवतो' तो या दुसऱ्या स्क्रूने.

यावरून एक अनुमान लगेच निघते. गाडी वेगात चांगली पळते आणि उभी राहिली की मरते, असे असेल तर बिघाड बहुधा स्लो जेटच्या वाटेत किंवा एखाद्या लहान हवागळतीत असावा. लहान गळती वेगात का जाणवत नाही? शंभर पानांच्या पंगतीत दोन आगंतुक बसले तर वाढप्याच्याही लक्षात येत नाही. चौघांच्या स्वयंपाकात दोघे आले तर घरातल्या बाईला उपास घडतो. उभ्या जागी इंजिन अगदी थोडी हवा घेते. त्यात चोरून आलेली हवा प्रमाणाने फार मोठी ठरते.

स्वभाव आणि दोष

कोणत्याही संशोधनात पहिला प्रश्न, 'याचे कारण काय' हा नसून 'खरोखरच काही घडले आहे काय' हा असतो. दोन-स्ट्रोक इंजिन उभ्या जागी थोडे अडखळते हा त्याचा स्वभाव आहे. मंद गतीत जळालेला वायू सिलिंडरमधून पुरता बाहेर पडत नाही. तो ताज्या मिश्रणात मिसळतो आणि एखादी ठिणगी वाया जाते. पुढच्या फेऱ्यात मिश्रण पुरेसे साचले की ते पेटते. म्हणून चेतकचा आवाज घड्याळासारखा सारखा पडत नाही. नव्या चार-स्ट्रोक स्कूटरशी तुलना करून जुन्या गाडीला रोगी ठरवणे म्हणजे आजोबांची चाल नातवाशी ताडून पाहणे आहे.

दोष केव्हा म्हणावा? गाडी गरम झाल्यावरही चोक सोडताच बंद पडते. आवाज आपोआप चढतो, उतरतो आणि विझतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन लवकर खाली येत नाही. किंवा काल होती तशी ती आज नाही. यांपैकी शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठी काल कशी होती हे ठाऊक असावे लागते.

मिलच्या पद्धती स्टँडवर

पहिली अन्वय पद्धती. घटना जेव्हा जेव्हा घडते, तेव्हा तेव्हा कोणती एकच गोष्ट हजर असते ते पाहावे. गाडी नेहमी पावसानंतरच मिसिंग करते काय? मग प्लगची टोपी आणि वायर तपासावी. ओलाव्यातून वीज भलतीकडे जाते. नेहमी पंधरा-वीस मिनिटांनी गरम झाल्यावरच बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते काय? मग कॉइल किंवा कंडेन्सर यांच्यावर संशय घ्यावा. टाकीचे झाकण उघडले की दर वेळी बरी होते काय? मग झाकणाचे हवेचे भोक बुजले असले पाहिजे. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली येत नाही. नेहमी रिझर्व्हला आल्यावर काय? मग टाकीच्या तळाचा गाळ किंवा पाणी.

दुसरी व्यतिरेक पद्धती. सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि फरक पाहावा. पाचांत ही सर्वांत बळकट पद्धती आहे आणि आपण सर्वांत जास्त मोडतो तीही हीच. प्लग काढून दुसरा चांगला प्लग बसवा; बाकी कशाला हात लावू नका. आवाज सुधारला तर प्लग दोषी; न सुधारला तर प्लग निर्दोष, आणि जुना पुन्हा बसवावा. एकाच दिवशी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, पेट्रोल बदलले, आणि गाडी बरी झाली. तर गाडी बरी झाली हे खरे, पण कशाने, हे आपल्याला कळले नाही. महिन्याने तोच रोग उलटला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

तिसरी अन्वय-व्यतिरेक पद्धती. हे नाव आपल्या न्यायशास्त्रालाही ओळखीचे आहे. कारण असता कार्य असणे आणि कारण नसता कार्य नसणे, या दोन्ही बाजू पाहिल्या की निश्चय होतो. पावसात भिजलेल्या दिवशी गाडी मिसिंग करते एवढ्यावर थांबू नये. कोरड्या दिवशी ती करत नाही हेही नोंदवावे. आणि खात्री हवी असेल तर कोरड्या दिवशी वायरीवर पाण्याचे चार थेंब शिंपडून पाहावे. मात्र इंजिन चालू असताना वायरीला हात लावू नये, झटका बसतो.

चौथी सहपरिवर्तन पद्धती. एक गोष्ट कमीजास्त केली की दुसरीही त्याच प्रमाणात कमीजास्त होते काय, हे पाहणे. चालू स्कूटरचे हँडल सावकाश डावीउजवीकडे फिरवा. आवाज हँडलबरोबर चढत-उतरत असेल तर ॲक्सिलरेटरची केबल कोठेतरी ताणलेली आहे. याला खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. परंतु केबल न पाहता कार्बोरेटर खोलणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

पाचवी अवशेष पद्धती. ज्ञात कारणांचे ज्ञात परिणाम वजा करत जावे. जे उरेल ते उरलेल्या कारणाचे. हिचे उदाहरण पुढे सविस्तर येते.

या पाचांच्या जोडीला मिस्त्री लोकांची एक कसोटी आहे. ती मिलच्या ग्रंथात नसली तरी त्याला आवडली असती. इंजिन गरम असताना चोक किंचित ओढावा. चेतकचा चोक पेट्रोल वाढवतो. आवाज सुधारला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते : स्लो जेट बुजला आहे, कार्बोरेटरला पेट्रोल पुरत नाही, किंवा कोठून तरी हवा शिरते आहे. आवाज बिघडला तर पेट्रोल आधीच जास्त होते : हवेची जाळी मळली आहे, चोक पुरता परत जात नाही, किंवा कार्बोरेटरची सुई गळते आहे. एका हालचालीत कारणांची यादी दोन भागांत विभागली जाते आणि त्यांतला एक भाग आपल्याला सोडून देता येतो. उत्तम प्रश्न तोच, ज्याचे कोणतेही उत्तर आले तरी निम्मे काम कमी होते.

प्लगही साक्ष देतो. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर ज्वलन ठीक. काळे आणि ओले असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त. पांढरट, भाजल्यासारखे असेल तर पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त.

एक प्रत्यक्ष प्रकरण

माझ्याकडे १९९१ सालची चेतक आहे. तिला जुन्या पद्धतीचे पॉइंट आहेत. एका श्रावणात तिने कुरकुर सुरू केली. उभी केली की आवाज आपोआप वाढे, मग ढासळे आणि बंद. वेगात मात्र नेहमीसारखी पळे. एका गॅरेजात रेसचा स्क्रू आवळून मिळाला. गाडी बंद पडेनाशी झाली, पण सिग्नलवर उभी असताना घोडा टापा आपटतो तशी गुरगुरू लागली, आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी तिचा जोर उतरायला दोन-तीन सेकंद लागू लागले. गॅरेजच्या हिशेबी काम संपले होते. तर्कशास्त्राच्या हिशेबी ते आता सुरू होत होते. आणि मला ते टाळता येण्यासारखे नव्हते. कारण ही गाडी माझी मुलगी वापरते, आणि तिचा कॉलेजचा रस्ता महामार्ग ओलांडून जातो.

एक वही घेतली. तारीख, केलेला बदल, दिसलेला परिणाम असे तीन रकाने पाडले, आणि ठरवले की एका वेळी एकच बदल करायचा. स्वस्तापासून महागाकडे आणि बाहेरून आत जायचे.

पहिल्या दिवशी दोन्ही स्क्रू मूळ जागी आणले, म्हणजे लक्षण पुन्हा उघडे पडले. लक्षण झाकलेले असेल तर कशाचीच परीक्षा होत नाही. मग हँडल फिरवून पाहिले. आवाजात फरक नाही. केबल निर्दोष.

दुसऱ्या दिवशी दुसरा प्लग लावून पाहिला, फरक नाही. जुन्या प्लगचे टोक मात्र पांढरट होते. मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंट स्वच्छ केले, फट मोजून ठीक केली, फरक नाही.

तिसऱ्या दिवशी चोकची कसोटी. गरम इंजिनावर चोक अर्धा ओढताच आवाज एकदम सुरळीत झाला. प्लगच्या पांढऱ्या टोकाला दुजोरा मिळाला : पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त होते आहे. ठिणगीचा दोष असता तर चोकने गाडी सुधारली नसती. अर्धी यादी गेली.

चौथ्या दिवशी स्लो जेट काढून फुंकून साफ केला. तारेने कोचला नाही. तारेने भोक मोठे होते आणि मग सगळी मापेच चुकतात. पेट्रोलच्या नळीची जाळी धुतली. पेट्रोल भरपूर येत होते. आवाजात फरक नाही. राहिली हवा.

पाचव्या दिवशी कार्बोरेटरचे नट तपासले, घट्ट होते. त्याच्या बुडाच्या सांध्यावर सगळीकडून ग्रीस थापले. तेथून हवा शिरत असती तर ग्रीसने ती काही वेळ अडली असती आणि आवाज बदलला असता. बदलला नाही. सिलिंडरच्या बुडाशीही तसेच केले, तोच निकाल. काही पुस्तकांत सांध्यावर पेट्रोल शिंपडून पाहण्याची युक्ती दिलेली असते. गरम इंजिनाजवळ ती कोणीही करू नये.

आता अवशेष. खालच्या पेटीतून क्रँकचा दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर येतो, आणि दोन्हीकडे त्याला रबराचे ऑइल सील असते. एक मॅग्नेटच्या बाजूला, दुसरे क्लचच्या बाजूला. क्लचच्या बाजूचे सील गेले तर इंजिन गिअर ऑइल ओढते. पांढरा दाट धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. मी पातळी पाहिली; भरलेली होती. धूर नेहमीपुरताच. म्हणजे उरले मॅग्नेटच्या बाजूचे सील. ते गेले तर तेल न येता निव्वळ हवा येते, आणि तिथली ओली खूण मॅग्नेटच्या आड झाकलेली असते.

येथे धुराबद्दल दोन शब्द. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान हे न्यायशास्त्राचे नेहमीचे उदाहरण. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे; पण जेथे अग्नी तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण मधे ओल्या सर्पणाची 'उपाधी' असते. आमच्या स्कूटरला हा नियम अक्षरशः लागू पडतो. सील फुटले की धूर येतोच असे नाही. त्या सीलच्या पलीकडे तेल असेल तरच धूर. धूर नाही म्हणून सील चांगले, असे म्हणणाऱ्याने उपाधी विसरली.

अवशेष पद्धतीचा एक दुबळेपणा विद्यार्थ्यांनी ओळखावा. मूळ यादीच अपुरी असेल तर उरलेले कारण हे केवळ आपल्या अज्ञानाचे नाव असते. म्हणून अवशेषाने संशयित सापडतो, गुन्हेगार ठरत नाही. तो ठरवण्यासाठी पुन्हा व्यतिरेकाकडे यावे लागते. मॅग्नेट उतरवण्यास पुलर लागतो आणि सवयीचा हात लागतो. म्हणून आमच्या पेठेतल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "सर, एवढं लिहून आणलंय, तर बाकी कशाला हात लावत नाही." मॅग्नेट निघाले. मागची प्लेट तेलकट ओली होती, आणि सीलचे रबर वाळलेल्या चिंचेसारखे कडक झाले होते. त्यांनी फक्त सील बदलले. गाडी किक मारून उभी केली. ती चालत राहिली. थोडी अडखळत, आपल्या जातीला शोभेल अशी.

सीलची किंमत मजुरीच्या मानाने किरकोळ होती.

लक्षण दाबण्याची किंमत

रेस वाढवून तेच काम भागले होते, मग एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. याचे उत्तर या लेखातला सर्वांत गंभीर भाग आहे.

दोन-स्ट्रोक इंजिनाला वेगळे इंजिन ऑइल नसते. पिस्टनला लागणारे वंगण पेट्रोलातच मिसळलेले असते, साधारण १ लिटरला २० मिलिलिटर. परस्पर हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल प्रमाणाने कमी पडते. मिश्रण पातळ झाले की ज्वलन अधिक तापते. अशी गाडी लांबच्या रस्त्यावर भरधाव चालवली तर पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. 'पिस्टन जाम झाला' म्हणतात तो प्रकार हाच. इंजिन अडकले की मागचे चाकही अडकते. मागून ट्रक येत असताना हे घडले तर काय होईल, ते लिहिण्याची गरज नाही. अशा प्रसंगी डाव्या हाताचा क्लच तत्काळ दाबला तर चाक मोकळे होते. जुनी दोन-स्ट्रोक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी. मी मुलीला गाडी देताना प्रथम हेच शिकवले, आणि सील बदलेपर्यंत किल्ली दिली नाही.

म्हणजे उभ्या जागेची कुरकुर ही इंजिनाची तक्रार नव्हती; ती सूचना होती. रेसचा स्क्रू आवळणे म्हणजे रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे. लक्षण हा पुरावा असतो. तो नष्ट करणे हे औषध नव्हे.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत काळानेही एक नवे कारण यादीत घातले आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवत नाही. शिवाय त्यात स्वतःचा प्राणवायू असल्याने त्याच जेटवर मिश्रण किंचित पातळ होते. माझे सील इथेनॉलमुळे गेले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्यास माझ्याकडे व्यतिरेकाचा पुरावा नाही. पण पावसाळ्यात महिनामहिना उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये, आणि नळ्या, सील वेळच्या वेळी पाहावेत, एवढे निश्चित.

आणखी दोन पथ्ये. ही सर्व तपासणी उघड्या जागी करावी. बंद खोलीत चालू इंजिनाचा धूर कार्बन मोनॉक्साइडमुळे प्राणघातक ठरतो. आणि कार्बोरेटर उघडा असताना जवळपास कोणी विडी-काडी पेटवू नये.

काही हेत्वाभास

चुकीच्या अनुमानांनाही शिस्त असते. स्टँडवर ऐकू येणारे तीन नमुने देतो.

"अगरबत्ती लावून पूजा केली आणि गाडी सुरू झाली." हा काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. पूजा अवश्य करावी. मात्र तेवढ्या वेळात इंजिन थंड झाले होते, हेही वहीत लिहावे.

"मित्राची गाडी स्लो जेटने बरी झाली, म्हणून माझाही जेटच." एका उदाहरणावरून सामान्य नियम काढण्याचा हा प्रकार. लक्षण एक, कारणे अनेक. मिलनेही कारणांची अनेकता ही आपल्या अन्वय पद्धतीची मर्यादा म्हणून मान्य केली होती.

"गाडी वाकडी केली की सुरू होते, चेतकची ती रीतच आहे." वाकडी केल्याने कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी हलते आणि इंजिनाला क्षणभर पेट्रोल जास्त मिळते. म्हणजे हीही एक चोकची कसोटीच झाली. रोज वाकडी करावी लागते, याचा अर्थ रोज पेट्रोल कमी पडते आहे. ज्याला आपण रीत म्हणतो ते अनेकदा न तपासलेले लक्षण असते. हे वाक्य केवळ स्कूटरला लागू नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या ध्यानात आलेच असेल.

स्वाध्याय

पुढील प्रकरणांत कोणती पद्धती लागू होते, पहिली तपासणी कोणती कराल, आणि कोणता निष्कर्ष काढणे घाईचे होईल, ते लिहा.

१. गाडी सकाळी चोकशिवाय सुरू होते. गरम झाल्यावर उभी केली की काळा धूर टाकून बंद पडते. चोक ओढल्यास लगेच मरते.

२. उभ्या जागी आवाज ठीक. हँडल उजवीकडे पूर्ण वळवले की इंजिन ओरडते.

३. प्लग आणि कंडेन्सर दोन्ही एकाच दिवशी बदलले. गाडी बरी झाली. जुना प्लग अजून हाताशी आहे. कारण निश्चित करण्यासाठी आता कोणता प्रयोग कराल?

४. गिअर ऑइलची पातळी दर आठवड्याला उतरते, खाली मात्र एक थेंबही सांडलेला दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तेल कोठे जाते?

उत्तरे घेऊन विभागात यावे. वही बरोबर आणावी. ज्यांच्या घरी जुनी स्कूटर आहे त्यांनी किल्लीही आणण्यास हरकत नाही.